रानातल्या वारसा-जत्रेत गोधडी मांडावी का?

निलगिरीखाली

नमस्कार. प्रश्न एकच आहे, पण त्याची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही ऑस्ट्रेलियात, मध्य व्हिक्टोरियामध्ये, बेंडिगोपासून तासाभराच्या अंतरावरील एका लहान गावात गेली नऊ वर्षे राहतो. गावाला लागून आयर्नबार्कचे रान आहे. आयर्नबार्क हा निलगिरीचाच एक प्रकार, पण त्याची साल गळून पडत नाही. ती काळी, खरबरीत आणि खोल भेगांची होऊन बुंध्यावरच राहते. या रानातल्या एका मोकळ्या जागेत गावकरी दरवर्षी एप्रिलमध्ये जुन्या हस्तकलांची दोन दिवसांची जत्रा भरवतात. व्यासपीठ नसते, ध्वनिक्षेपक नसतो. झाडांच्या सावलीत लोहार भट्टी मांडतो, कोणी ओल्या लाकडापासून खुर्च्या घडवतो, कोणी कांगारूच्या चामड्याचे पेड काढून चाबूक विणतो, एक गृहस्थ साध्या कात्रीने मेंढ्या कातरून दाखवतात, आणि एका कोपऱ्यात निलगिरीचा पाला वाफवून तेल काढण्याची जुनी भट्टी चालू असते. तिचा वास संध्याकाळपर्यंत कपड्यांना येत राहतो.

या वर्षी एका तंबूत ऐंशीच्या घरातल्या एक आजी शिवत बसल्या होत्या. त्यांच्या हातातली सुई पाहून मी थांबले. सुई चांगली चार बोटे लांब होती, टोकाशी चपटी आणि किंचित वाकलेली. ते दाभण होते. त्यात सुतळी ओवलेली होती. मांडीवर गव्हाच्या दोन उसवलेल्या गोण्या होत्या आणि त्यांच्यामध्ये जुन्या लोकरी स्वेटरांचे आणि कोटांचे तुकडे पसरलेले होते. या पांघरुणाला इथे ‘वॉगा’ म्हणतात. मेंढ्या कातरणारे, गुरे हाकणारे आणि कामाच्या शोधात पायी फिरणारे मजूर पूर्वी गोण्या जोडून असे पांघरूण शिवत, आणि १९३०च्या मंदीत ते घरोघरी शिवले गेले. वागा वागा नावाच्या गावातील गिरणीच्या पिठाच्या गोण्यांवरून हे नाव पडले असे सामान्यतः मानतात. त्या गावाच्या नावाचा उच्चारही इकडे ‘वॉगा वॉगा’ असाच करतात. मी आजींना सांगितले की माझी आजी साताऱ्याजवळ जुन्या लुगड्यांची अशीच गोधडी शिवत असे. त्यांनी दाभण माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “मग बस आणि शिव.” मला चार टाकेसुद्धा सरळ घालता आले नाहीत.

आता प्रश्न. पुढच्या वर्षी एक तंबू तुम्ही घ्या, असे जत्रेच्या समितीने आमच्या भागातील मराठी कुटुंबांना सुचवले आहे. आम्ही अकरा कुटुंबे आहोत. बहुतेकांचे मत वडापाव, मेंदी आणि लेझीम असे पडले. मला मनापासून वाटते की आपण गोधडी मांडावी. पण आमच्यापैकी तिघींना फक्त धावदोरा येतो. संपूर्ण गोधडी एकीनेही शिवलेली नाही. जी कला आपल्याला पुरती येत नाही, ती कारागिरांच्या रांगेत बसून मांडणे योग्य आहे का? आणि ऑस्ट्रेलियातील रानाच्या वारशाशी आपल्या गोधडीचा संबंध आहे, असे म्हणता येईल का?

काठपदर

ताई, अवश्य मांडा. मात्र हातात अजून एक वर्ष आहे, तेव्हा आधी एक गोधडी पूर्ण करा आणि मगच तंबूत बसा.

माझ्या आईने शिवलेल्या सहा गोधड्या आजही आमच्या घरात वापरात आहेत. ती कशी शिवायची ते सांगते. प्रथम अस्तराचे कापड जमिनीवर ताणून पसरायचे आणि चारही कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवायच्या. आमच्याकडे दोन कोपऱ्यांवर पाटा आणि वरवंटा असे. त्यावर जुन्या सुती कापडांचे थर लावायचे, त्यात कुठेही चुणी किंवा गाठ राहू द्यायची नाही, कारण आतली चुणी पुढची वीस वर्षे पाठीला टोचते. वर लुगड्याचे चांगले कापड घालायचे. मग सगळ्या थरांना लांब लांब कच्चे टाके घालून ते पक्के करायचे, आणि त्यानंतर कडेने धावदोरा सुरू करून फिरत फिरत मध्याकडे यायचे. कडेला चार बोटे अस्तर जास्तीचे सोडायचे, म्हणजे शेवटी ते वर दुमडून किनार बंद करता येते. ही शेवटची गोष्ट नवशिके हमखास विसरतात.

कापड सुतीच घ्या. कृत्रिम धाग्याच्या साड्यांवर टाका बसत नाही, थर सरकतात आणि गोधडीला ऊब येत नाही.

दख्खनी

आमच्या सातारा-सांगलीकडे गोधडीला ‘वाकळ’ म्हणतात. वाकळ आणि वॉगा हे शब्द कानाला जवळचे वाटले तरी त्यांचे नाते जोडण्याचा मोह टाळावा. हा निव्वळ योगायोग आहे.

खरे नाते गोणीत आहे, आणि ते पक्के आहे. गहू सुटा साठवण्याच्या मोठ्या कोठ्या उभ्या राहण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाचा सगळा गहू तागाच्या पोत्यांतून बंदरावर जाई, लोकरही तागाच्या मोठ्या थैल्यांत दाबून भरत. ताग बंगालचा, आणि पोती मोठ्या प्रमाणावर कलकत्त्याच्या गिरण्यांत विणलेली. म्हणजे तुमच्या आजीबाईंच्या मांडीवर जी गोणी होती, तिच्या पूर्वजांनी हिंदी महासागर ओलांडलेला आहे. तंबूत हे लिहून लावले तर संबंध काय, असे कोणी विचारणार नाही.

अनवाणी

मला येथे थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, आणि ती विरोधासाठी नाही.

‘रानातला वारसा’ असे म्हणताना तो कोणाचा, हे विचारले पाहिजे. बेंडिगोच्या परिसरात १८५१ मध्ये सोने सापडले आणि पुढच्या काही दशकांत खाणींचे आधार, बाष्पयंत्रांचे सरपण आणि घरांचे वासे यांसाठी तेथील आयर्नबार्कची रानेच्या राने तुटली. आज दिसतात ती झाडे बरीचशी नंतर फुटलेली, त्यामुळे एका बुडख्यातून तीन-चार खोडे निघालेली असतात. त्याआधी हजारो वर्षे ही भूमी जा जा वुरुंग लोकांची होती आणि त्यांच्याकडून ती घेतली गेली. लाकूड फोडण्याची, कुंपण घालण्याची आणि मेंढ्या कातरण्याची कौशल्ये खरोखर मोठी आहेत, पण ती ज्या घटनाक्रमातून रुजली तोही जत्रेत दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर मी स्वतः तिथे तंबू लावण्यापूर्वी दोनदा विचार करीन.

सिडनीकर

अनवाणी यांचा मुद्दा रास्त आहे. मात्र आग्नेय ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या हस्तकला म्हणजे केवळ हरवलेली गोष्ट, असे चित्र मनात राहू नये, म्हणून लिहितो.

येथील लोक पूर्वी पॉसम या झाडांवर राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांची मोठी पांघरुणे शिवत. मूल जन्मले की काही कातड्यांचे लहान पांघरूण करायचे आणि मूल वाढेल तसतशी त्याला कातडी जोडत जायचे. आतल्या बाजूवर त्या माणसाची भूमी आणि कूळ सांगणाऱ्या आकृती कोरायच्या, आणि शेवटी त्याच पांघरुणात त्याला पुरायचे. एकोणिसाव्या शतकातील अशी दोन पांघरुणे मेलबर्नच्या संग्रहालयात आहेत, एक १८५३ चे आणि दुसरे १८७२ चे. १९९९ मध्ये व्हिकी कझन्स, ली डॅरोक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ती जुनी पांघरुणे पाहिली आणि तशी नवी शिवायला सुरुवात केली. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनाला अनेक कुळांतील ज्येष्ठ मंडळी ही पांघरुणे लेवून उभी राहिली होती. ऑस्ट्रेलियात पॉसमला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे कातडी न्यूझीलंडहून आणावी लागतात, कारण तिथे हाच प्राणी उपद्रवी ठरला आहे.

मूळ प्रश्नाच्या दृष्टीने यातली गोष्ट महत्त्वाची अशी की या स्त्रियांनाही सुरुवातीला ती कला पुरती येत नव्हती. त्यांनी जुने नग निरखले, चुका केल्या, शिकल्या आणि मग आपापल्या समाजात शिकवत फिरल्या.

निलगिरीखाली

अनवाणी, तुमचा प्रतिसाद वाचून मी समितीच्या सचिवबाईंना विचारले. जत्रेची सुरुवात जा जा वुरुंग समाजातील ज्येष्ठांच्या स्वागताने होते आणि त्यांच्या दोन स्त्रिया गवताच्या टोपल्या विणायला शिकवतात. मी त्या तंबूत गेले नव्हते, ही माझी चूक. समितीत मात्र त्यांच्यापैकी कोणीही नाही, हेही सचिवबाईंनी स्वतःहून सांगितले, आणि ते बदलायला हवे असेही त्या म्हणाल्या.

काठपदर ताई, चार बोटांचे लक्षात ठेवते.

रंधा

मी सुतारकाम छंद म्हणून करतो, ब्रिस्बेनला असतो, आणि अशा तीन-चार जत्रांमध्ये लाकूड फोडून दाखवले आहे. माझा अनुभव उपयोगी पडावा.

लोकांना तयार वस्तू पाहण्यात फारसा रस नसतो. त्यांना ती कशी उलगडते ते पाहायचे असते. ओले खोड पाचरीने फोडताना प्रथम एक बारीक आवाज येतो, मग भेग तंतूंच्या दिशेने स्वतःची वाट काढत जाते, आणि मग एकदम दोन फळ्या वेगळ्या होऊन आतला ओलसर, तांबूस भाग उघडा पडतो. करवतीने कापलेली फळी तंतू तोडते, फोडलेली फळी ते अखंड ठेवते, म्हणून ती बारीक असूनही बळकट राहते आणि तिच्यात पाणी सहज शिरत नाही. जुन्या रानघरांच्या भिंती आणि छपराच्या चिपा याच कारणाने फोडून काढत. हे शंभर वेळा सांगून समजत नाही. एकदा हातात घण दिला की दहा वर्षांच्या मुलालाही समजते.

म्हणून माझे म्हणणे असे की तयार गोधड्या टांगून ठेवू नका, अर्धी शिवलेली गोधडी मांडा. पसरलेले थर, रिकामी जागा आणि ओवून ठेवलेल्या दहा सुया, इतके पुरे. जो येईल त्याने बसून टाके घालावेत. तुम्हाला पुरती येत नाही ही अडचण तिथे उरणारच नाही, कारण तुम्हीही शिकणाऱ्यांपैकीच एक असाल.

एक व्यवहाराची गोष्ट: लोकांच्या हातात अवजार द्यायचे असेल तर समितीच्या विम्यात ते बसते का, हे लेखी विचारून घ्या. लहान मुलांसाठी बोथट टोकाच्या सुया वेगळ्या ठेवा.

करवीरकर

रंधा यांच्याशी बहुतांशी सहमत, पण ‘तयार वस्तू पाहण्यात रस नसतो’ हे मला पटत नाही. आमच्या कोल्हापूरजवळ कणेरी मठावर गावगाड्याचे मोठे संग्रहालय आहे. बारा बलुतेदार, त्यांची अवजारे, शेतीची कामे, सगळे पुतळ्यांच्या रूपाने उभे केलेले आहे. मी माझ्या मुलींना तिथे नेले, तेव्हा त्यांना मोट आणि तेलाचा घाणा म्हणजे काय ते पहिल्यांदा कळले. हलते काम नसले तरी ते दृश्य मनात राहिले.

माणदेशी

करवीरकर, कणेरीचे काम मोठे आहे, मीही दोनदा पाहिले आहे. तरीही पुतळा आणि माणूस यांत एक फरक राहतो. आमच्या घरी मेंढरे होती. लोकर कातरणारा येई तेव्हा तो मेंढीचे चारही पाय बांधून तिला आडवी करी, आणि गुडघ्याने तिची मान किती दाबायची हे त्याच्या गुडघ्यालाच ठाऊक असे. ते पुतळ्यात उतरत नाही. आमची दख्खनी मेंढी, तिची लोकर आखूड आणि राठ. सणगर ती खड्ड्याच्या मागावर विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी कडक करीत. ती खळ लावतानाचा कुंचल्याचा फटकारासुद्धा पाहून पाहूनच शिकावा लागतो.

ऑस्ट्रेलियातील कातरणाऱ्यांविषयी मला विलक्षण आदर आहे. १८९२ मध्ये क्वीन्सलँडमध्ये जॅकी हाऊ नावाच्या माणसाने साध्या कात्रीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या होत्या. यंत्रे तेव्हा आलेली होती, आणि यंत्रावर कोणाला तो आकडा ओलांडायला १९५० साल उजाडले. एका मेंढीला दीड मिनिटही पडत नाही. आमच्याकडचा जाणता माणूस दिवसभरात किती मेंढ्या उरकत असे ते मला माहीत आहे, म्हणून या आकड्याने माझी छाती दडपते.

मात्र मला काळजी वाटते ती दुसरीच. जत्रेला येणारे लोक चार टाके घालतील, छायाचित्र काढतील आणि घरी जातील. इकडे गोधडी शिवणाऱ्या बाईला तिच्या कष्टाचे मोल मिळत नाही. माझी वहिनी एका शहरातील प्रदर्शनात गोधड्या घेऊन गेली होती. महिनाभर शिवलेल्या गोधडीच्या शेजारीच यंत्रावर शिवलेली गोधडी ‘हाताची’ म्हणून निम्म्या किमतीत विकली जात होती आणि आयोजकांकडे तक्रार करूनही कोणी लक्ष दिले नाही. कलेचे कौतुक करणाऱ्यांनी हाताचा टाका आणि यंत्राचा टाका ओळखायला शिकले, तरी पुष्कळ होईल.

काठपदर

माणदेशी दादा, हे ओळखणे अवघड नाही, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते. यंत्राचा टाका दोन धाग्यांचा असतो आणि दोन्ही बाजूंना सलग, सारख्या लांबीची रेषा दिसते. हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून येते; वर जिथे टाका, तिथे खाली मोकळी जागा. शिवाय हाताची गोधडी सपाट नसते, टाक्यांमध्ये तिला बारीक सुरकुत्या पडून लाटा येतात. बोट फिरवले की कळते. हे निलगिरीखाली यांच्या तंबूतही दाखवता येईल.

शब्दवेडा

एक भाषेचा मुद्दा मांडतो. तो विषयाला धरूनच आहे. तिकडे ‘बुश’ म्हणतात त्याला आपण या धाग्यात ‘रान’ म्हणत आहोत, आणि मला तो शब्द अगदी चपखल वाटतो. ‘जंगल’ म्हटले असते तर चुकले असते. बुश म्हणजे केवळ झाडी नव्हे. गाव संपले की सुरू होणारा सगळा मुलूख त्यात येतो, कुरणे, वाटा, एकाकी घरे यांसह. आपल्याकडेही “आबा रानात गेलेत” असे म्हणतो तेव्हा आबा शेतावर गेलेले असतात. झाडी, माळ आणि शेत या तिन्हींना सामावून घेणारा शब्द आपल्या भाषेत तयार आहे.

कानडीकाठ

गोधडीला आमच्या सीमाभागात ‘कौदी’ म्हणतात. कारवार-हल्याळ भागातील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, त्यांतले अनेक गोव्यातून निसटून रानात येऊन वसले. त्या कवंदी कडेने सुरू करून मध्यापर्यंत शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाचे घडी घातलेले तुकडे लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. ‘फुला’ नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी असते. दूरच्या मुलखातून आलेल्या माणसांनी नव्या रानात पांघरूण शिवले याचे हे आपल्या शेजारचेच उदाहरण आहे.

फुंकणी

जत्रेच्या तारखेबद्दल एक सूचना. व्हिक्टोरियात उन्हाळ्यात सरसकट अग्निबंदीचा दिवस जाहीर झाला की उघड्यावर कोणताही विस्तव पेटवता येत नाही. मी एका जत्रेला माझ्या लोहार मित्राबरोबर मदतनीस म्हणून गेलो होतो. मार्च महिना होता, आदल्या संध्याकाळी बंदी जाहीर झाली आणि दोन्ही दिवस भाता नुसता मांडून ठेवावा लागला. लोक येत, थंड ऐरणीवर हात फिरवून जात. मित्राने तोंडी समजावण्याचा प्रयत्न केला, पण लोखंड कोणत्या रंगाला आले की घाव घालायचा, हे तापलेले लोखंड पुढे नसताना सांगता येत नाही. बंदी योग्यच होती, त्या रानाला आगीचे भय खरे आहे. सुई-दोऱ्याला हे बंधन नाही, हा गोधडीच्या बाजूचा आणखी एक मुद्दा समजा.

लहानपणी आमच्या गल्लीत घिसाडी येत. पुरुष सांडशीत लोखंड धरी आणि त्याची बायको उभी राहून घण घाली. इतका नेमका घाव मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

जुनीपेटी

भारतातून जुनी लुगडी आणणार असाल तर स्वच्छ धुऊन, वाळवून आणा. ऑस्ट्रेलियात उतरताना वनस्पती आणि प्राणी यांपासून बनलेल्या वस्तू जाहीर कराव्या लागतात. स्वच्छ सुती कापडाला सहसा अडचण येत नाही, पण माती लागलेली घोंगडी, सूप, टोपली किंवा बांबूचे काही सोबत असेल तर ते जाहीर करा आणि तपासू द्या. शंका असेल तरी जाहीर करणे श्रेयस्कर.

अनवाणी

मी आधी घेतलेल्या आक्षेपाचा काही भाग मागे घेतो. सिडनीकर यांनी सांगितलेली पांघरुणांची हकीकत मला माहीत नव्हती. बेंडिगोपुरते आणखी एक उदाहरण आठवले. सोन्याच्या शोधात आलेला चिनी समाज तिथल्या ईस्टरच्या मिरवणुकीत एकोणिसाव्या शतकापासून सहभागी होत आला आहे. १९७० मध्ये त्यांनी सन लूंग नावाचा लांबलचक ड्रॅगन आणला आणि तो पुढे कितीतरी वर्षे त्या गावाची ओळख होऊन राहिला. बाहेरून आलेल्यांची वस्तू वारसा कधी ठरते, याला मुहूर्त नसतो. ताई, तुम्ही तंबू लावा. टोपल्या विणणाऱ्या स्त्रियांना आधी भेटा, इतकीच विनंती.

निलगिरीखाली

(अकरा महिन्यांनी)

सर्वांना नमस्कार. मागच्या आठवड्यात जत्रा झाली. ज्यांनी ज्यांनी येथे लिहिले त्यांना वृत्तान्त सांगणे हे माझे कर्तव्य आहे.

हिवाळ्यात आम्ही सातजणी दर शनिवारी दुपारी जमत होतो. पहिली गोधडी सप्टेंबरमध्ये पूर्ण झाली. ती वेडीवाकडी आहे, पण माझा मुलगा तीच घेऊन झोपतो. काठपदर ताईंची आतल्या चुणीची सूचना आम्हाला दुसऱ्या गोधडीच्या वेळी पटली. वडापावही झाला, त्याचा तंबू शेजारीच होता, आणि त्या दोन कुटुंबांनीच आमच्या तंबूकडे सर्वाधिक माणसे पाठवली.

अनवाणी, टोपल्या विणणाऱ्या दोघींना मी डिसेंबरमध्येच भेटले. त्यांच्यापैकी एक या वर्षी समितीत आली आहे. आमचा तंबू त्यांच्या शेजारी असावा हे तिनेच सुचवले.

रंधा यांचे ऐकून आम्ही अर्धी गोधडी मांडली. खाली दोन तागाच्या गोण्या, मध्ये माझ्या सासूबाईंची दोन सुती लुगडी आणि गावातल्या घरांतून आलेले जुने सदरे, वर लुगड्यांचे तुकडे. म्हणजे अर्धी गोधडी आणि अर्धा वॉगा. साधा सुती दोरा गोणीवर पहिल्या तासातच तीनदा तुटला. आम्ही गडबडलो होतो, तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. तरुणपणी ते मेंढ्यांच्या शेडमध्ये लोकरीचे गठ्ठे दाबून शिवण्याचे काम करत असत. त्यांनी खिशातून स्वतःचे दाभण काढले, सुतळीवर मेण घासले, आणि टाका ओढल्यावर दोरा अंगठ्याखाली दाबून उलटा वेढा कसा द्यायचा ते दाखवले. बोटांना संधिवात होता, तरी वेढा देताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. त्यानंतर एकही टाका सुटला नाही. ते दोन्ही दिवस आमच्याच तंबूत बसून होते. गेल्या वर्षीच्या वॉगावाल्या आजी दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून आल्या, आणि दोघांमध्ये गाठ कशी मारावी यावरून चांगलाच वाद झाला.

आता गोधडीकडे पाहिले की कोणाचे टाके कुठे आहेत ते कळते. शाळकरी मुलांचे टाके लांब आणि तिरके, गठ्ठे शिवणाऱ्या आजोबांचे आखूड आणि घट्ट, टोपल्या विणणाऱ्या बाईंचे तर गोल वळत गेलेले, कारण त्यांच्या हाताला वळणाचीच सवय आहे. ते कोणीही उसवायचे नाहीत असे आम्ही ठरवले आहे.

एक कोपरा मात्र अपुरा राहिला आहे, आणि एक चूक झाली आहे. सगळ्या गडबडीत कडेला चार बोटे अस्तर सोडायचे आम्ही विसरलो. गोण्यांची कड आता वरच्या कापडाच्या बरोबरीला आली आहे आणि सुतळीचे धागे सुटू लागले आहेत. काठपदर ताई, किनार आता कशी बंद करावी?

काठपदर

ताई, वाचून फार समाधान वाटले. किनारीसाठी घाबरू नका, गोट लावता येईल. आधी सुटलेल्या कडेवर दोऱ्याचे जवळजवळ वेढे घालून धागे थांबवा. मग चार बोटे रुंदीची सुती पट्टी घ्या, ती वरच्या बाजूने उलटी ठेवून कडेपासून बोटभर आत धावदोऱ्याने जोडा, आणि पलटून मागच्या बाजूला दुमडून बारीक टाक्यांनी बसवा. कोपऱ्यावर पट्टी कापू नका, तिथे घडी घालून वळवा. गोणी जाड असल्यामुळे नवी पट्टी लवकर फाटेल; जुन्या लुगड्याचा काठ घेतलात तर त्याची वीण दाट असते आणि तो टिकतो.

माझ्याकडे आईच्या एका इरकली लुगड्याचा काठ आहे. लुगडे विरले, काठ अजून शाबूत आहे. लांबी दोन्ही बाजूंचा मिळून सोळा-सतरा वार भरेल. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवा, धुऊन पाठवते.